सीनेपलीकडचा गेणू

“पोरगी चांगलीच हाय, पन ही आपल्याच घरातली निघायची, बघा.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीपाशी हात धुवत होते. गार पाणी मनगटांवरून कोपरांकडे ओघळत होतं, पलीकडच्या रानात कमरेइतकी वाढलेली ज्वारी मार्गशीर्षातल्या वाऱ्याने एका अंगावर कलत होती, आणि तिच्या पानांची ती कोरडी, कागदासारखी सळसळ ऐकत मी उगाचच जरा जास्त वेळ हात धुवत राहिले होते. भिंतीपलीकडे, ओसरीवर, नाना कुणाला तरी हे सांगत होते. नाना म्हणजे सुमेधच्या आजोबांचे धाकटे भाऊ, त्या घरातले आता सर्वांत वडीलधारे पुरुष. आणि सुमेध म्हणजे, निदान त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तरी, एक ‘स्थळ’.

स्थळ आत्याने आणलं होतं. मुलगा कर्जतच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, घर मिरजगावला उतरून आत सीना नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माणसं साधी. आम्ही नगरहून त्याचं घर पाहायला आलो होतो. पूर्वी मुली अशा जात नसत, हल्ली जातात. मात्र गेल्यावर बोलायचं किती, याचा नियम अजून ठरलेला नाही, आणि माझ्यासारखीला तो न ठरलेलाच बरा. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. समोरच्याने चिठ्ठी पुढे करावी, मी वाचावी, औषध द्यावं. शब्दांची देवाणघेवाण एवढ्यावर भागणारा व्यवसाय मी निवडला, की त्याने मला निवडलं, कोण जाणे! इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे मराठीतला एखादा शब्द अडला, तरी मी विचारत नाही. मान हलवते आणि पुढच्या वाक्यातून अर्थ लागण्याची वाट पाहते. अशी वाट पाहता पाहता माणूस चांगला श्रोता होतो. कदाचित म्हणूनच भिंतीपलीकडचं ते वाक्य माझ्या कानात इतकं स्वच्छ उतरलं.

तुमच्यापासून काय लपवू? तोवर सुमेध मला आवडून गेला होता. आदल्या महिन्यात तो आमच्या घरी आला, तेव्हा सगळे त्याच्या पगाराविषयी विचारत असताना त्याचं लक्ष आमच्या खिडकीतल्या कुंडीकडे होतं. जाताना हळूच म्हणाला, तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा, झाड जास्त जगतं. त्यानंतर आमचे फोनवर निरोप सुरू झाले. तो ज्वारीची छायाचित्रं पाठवायचा, मी त्याला डॉक्टरांच्या अगम्य अक्षराचे नमुने वाचायला द्यायचे. त्यात प्रेमाचा एक शब्द नव्हता, आणि तरीही रात्री फोन उशाशी ठेवताना मी तो जरा जपूनच ठेवायचे.

नानांच्या शंकेचं मूळ चहाच्या वेळच्या गप्पांत होतं. पप्पांनी सहज सांगितलं की आमचे पणजोबा, गेणू, मूळचे सीनेपलीकडच्या मोगलाईतले. लहानपणी नदी ओलांडून ह्याच भागात आले, इथेच वाढले आणि पुढे मजुरीसाठी नगरला गेले. नानांची बशी ओठांपाशीच थांबली. त्यांच्याच घरात पूर्वी वाढलेला एक गेणू त्यांनी लहानपणी पाहिला होता. त्यांच्या आजोबांचा, सावळाचा, म्हणून सगळे त्याला ओळखत. तो नगरला कामाला गेला, पण वर्षातून एकदा गोडीशेवेचा पुडा घेऊन येई आणि पोरांना वाटत असे. नानांनी ती शेव खाल्लेली होती. आता तोच गेणू जर सावळाचा मुलगा असेल, तर सुमेध आणि मी एकाच कुळाच्या दोन फांद्या. भावकी! धम्म घेताना आमच्या घरांनी पुष्कळ जुन्या गोष्टी मागे टाकल्या, पण एका कुळातली मुलं बहीणभाऊ, त्यांची सोयरीक होत नाही, हा नेम कुणीही टाकला नाही. त्याविषयी वाद घालण्याची सोय नव्हती. घालावासा मलाही वाटला नसता.

परतीच्या एसटीत रुईछत्तिशी मागे पडल्यावर आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, आता काय, राखी पाठवायची का त्याला? तिला हसवायचं होतं. मी हसलेही. त्या रात्री सुमेधचा निरोप आला, तो नेहमीसारखा ‘अगं’ने सुरू झालेला नव्हता. तुला आता काय म्हणायचं तेच कळेना, एवढंच त्यात होतं. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि फोन पालथा ठेवला.

सीना तुम्ही पाहिली आहे का? उन्हाळ्यात तिच्या पात्रात धड घोटा भिजत नाही. मधोमध बाभळी उगवतात, शेळ्या इकडच्या काठावर चरायला लागून तिकडच्या काठावर जाऊन पोचतात. पण एके काळी हीच नदी दोन राज्यांची शीव होती. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. पलीकडून आलेलं माणूस म्हणजे परमुलखाचं. त्याची बोली वेगळी, नाणं वेगळं, आणि त्याच्यामागे कागद म्हणून काही नाही. परदेशी जायला समुद्रच ओलांडावा लागतो, असं आपण का समजतो? आमचा पणजोबा कुणाच्या तरी कडेवर बसून, पाय कोरडे ठेवून, देश बदलून आला होता. आणि तो कुणाचा, हे आता मला सिद्ध करायचं होतं.

मी शोधायला लागले. पप्पांना वाटलं, मुलीला घराण्याच्या इतिहासाचा नाद लागला. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. एक कागद घरातच सापडला: गेणू नगरला वारला तेव्हाच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, गेणू तात्याबा, जन्म मोगलाई. तात्याबा! कुणीतरी दुसराच, सावळा नव्हे. तो उतारा मी इतक्या वेळा वाचला की त्याच्या घडीवरची शाई फिकट झाली असेल. दुसरा कागद मिळायला वेळ लागला. सुमेधच्या गावच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांनी जुन्या दप्तराची धूळ झटकू दिली, नगरच्या एका बाईंनी त्यातली मोडी बाळबोधीत उतरवून दिली, आणि त्यांच्या टपोऱ्या अक्षरात मला नको असलेली ओळ माझ्यासमोर आली. नाव गेणू. बापाचे नाव सावळा.

आडनावाचा आधार घ्यावा, तर तोही नव्हता. आमचं आडनाव गेणूने नगरला आल्यावर लावलेलं, ज्या गावी त्याचा जन्म झाल्याचं सांगत त्या गावावरून. ते कुळ सांगत नाही, फक्त वाट सांगतं.

आता खरं कोणतं? विरोधी नोंदी समोर आल्या की एक साधा प्रश्न विचारावा, असं मी कुठेसं वाचलं होतं: सांगणाऱ्याला हे कसं ठाऊक? मृत्यूची खबर माझ्या आजोबांनी दिलेली. त्यांनी तात्याबाला पाहिलेलं नव्हतं, त्यांनी फक्त नाव ऐकलेलं. शाळेतली नोंद मात्र गेणूच्या बालपणाची, घटनेच्या जवळची, बाप म्हणून नाव लावलेला माणूस समोर उभा असताना केलेली. दुकानात दोन चिठ्ठ्यांत फरक आला तर मी कोणती प्रमाण मानली असती? जी दुखण्याच्या जवळची ती. म्हणजे न्यायाने पारडं शाळेकडे झुकत होतं, आणि मी तराजूची दांडी बोटाने धरून उभी होते. शोधणाऱ्याला उत्तराची इतकी ओढ असणं किती धोक्याचं! ज्याला तहान लागली आहे त्याने मृगजळ आहे की पाणी आहे, हे ठरवू नये.

आत्याला मी दोन्ही कागद दाखवले. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली की नगरचा तेवढा दाखव, शाळेचा राहू दे पर्समध्येच. कोण विचारायला जातंय? तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती, माया होती, आणि मायेचा सल्ला मोडणं लबाडीचा सल्ला मोडण्यापेक्षा अवघड जातं. पुन्हा मिरजगावला उतरेपर्यंत मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पर्स मांडीवर होती आणि दोन कागद तिच्या दोन कप्प्यांत, एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या जावांसारखे.

आम्ही दोघीच गेलो होतो. माघातलं ऊन मऊ होतं. ज्वारी आता डोक्यावर गेली होती, कणसं भरली होती, आणि अंगणाच्या कडेला आगटी पेटवून हुरडा भाजायचं चाललं होतं. तिथे धुरात बसून सुमेधच्या आजी, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, गरम कणसं तळहातावर मळत होत्या. ओसरीवर नाना होते. सुमेध दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि किती काळजीपूर्वक बघत नव्हता ते मला दिसत होतं.

मी पर्स उघडली. आत्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. का कुणास ठाऊक, पण मला त्या क्षणी वाटलं की एक कागद झाकून मी ह्या घरात आले, तर आयुष्यभर प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला तो कागद माझ्या पर्समध्ये असेल. मी दोन्ही काढून नानांपुढे ठेवले आणि वाचून दाखवले. आधी तात्याबा. मग सावळा.

नानांना विजय झाल्यासारखं मुळीच वाटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी कागद उलटा करून मागे काही आहे का, तेही पाहिलं. मग म्हणाले, “शाळंतच लिवलंय म्हनल्यावर काय ऱ्हायलं? आमच्यात असलं चालत न्हाई, पोरी.” पोरी म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता. आत्या पदराशी चाळा करू लागली. सुमेधने खांदा बदलून पुन्हा चौकटीलाच टेकवला.

तेवढ्यात जिजी सुपात हुरडा घेऊन आल्या. धुरामुळे डोळे चोळत, सूप आमच्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं, कुणाचं एवढं चाललंय. नाना म्हणाले, गेणूचं. आणि जिजी, जणू काल भेटलेल्या माणसाविषयी बोलावं तशा, म्हणाल्या, “कोन, गेणू मुराळी व्हय?”

नानांनी मान हलवली आणि गोडीशेवेची आठवण पुन्हा सांगायला लागले. पण जिजींना शेवेत रस नव्हता. त्यांना आठवत होती ती त्यांची आजेसासू, सावळाची बायको, पंचमीच्या आधी उंबऱ्यात बसून राहणारी. जिजी तेव्हा नवी नवरी होत्या. धम्म घेतल्यावर वारुळाला जाणं बंद झालं, पण पंचमीला माहेरी जाण्याची आस कुठल्या बाईने सोडली? जिजींना न्यायला कुणी आलं नाही. त्यांचे भाऊ ऊस तोडायला लांब गेलेले असत. म्हाताऱ्या आजेसासूचा मुराळी मात्र कधी चुकला नाही. भर पावसाळ्यात चिखल तुडवत यायचा, तिला नगरला आपल्या पत्र्याच्या खोलीत घेऊन जायचा, पुरणाची दिंडं खाऊ घालायचा आणि हातभर बांगड्या भरून परत आणून सोडायचा. “मी लई जळायची तिच्यावर,” जिजी म्हणाल्या आणि हुरड्याची मूठ माझ्या हातात ओतली.

मला तो शब्द माहीत नव्हता. नेहमीप्रमाणे मी मान हलवणार होते, पुढच्या वाक्याची वाट पाहणार होते. पण पुढे वाक्य नव्हतं; जिजी थांबल्या होत्या. हातातला हुरडा गरम होता. मी विचारलं, “आजी, मुराळी म्हणजे काय?”

नाना हसले, विंग्रजी शाळेचं पोर म्हणाले. आत्याने माझ्या मांडीवर थाप मारली आणि समजावू लागली, “अगं, सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो. तिचा भाऊ, नाहीतर भाचा, कुणीतरी माहेरचा...”

आणि ती तिथेच थांबली.

आगटीतले निखारे फुटल्याचा बारीक आवाज येत होता. मुलगा आईला माहेरी न्यायला मुराळी म्हणून येत नाही. मुराळी स्वतःच्या घरी येत नाही. तो येतो ते आपल्या लेकीबाळींच्या सासरी. गेणू ह्या घरातला असता, तर तो ‘घरी आला’ असता. पण तो न्यायला येत होता.

मी विचारलं की आजेसासूबाई कुठल्या होत्या. कागद वाचले तेव्हा जिजी आगटीपाशी होत्या, त्यातलं अक्षरही त्यांच्या कानावर पडलेलं नव्हतं; म्हणूनच त्यांच्या उत्तराला मोल होतं. त्या म्हणाल्या, “मोगलाईतल्या. पटकीनं समदं घर बसलं त्यांचं. भाऊ गेला, भावजय गेली. ह्ये लेकरू कडंवर घालून तिनं नदीतनं आनलं. माज्या तात्याबाचं एवढंच ऱ्हायलं, म्हनायची.”

तात्याबाचं! दोन कागद, जे पर्समध्ये एकमेकांकडे पाठ करून बसले होते, ते त्या सुपाशेजारी हळूच एकमेकांकडे वळले. एकही खोटा नव्हता. तात्याबा बाप होता आणि सावळा हा गेणूच्या आत्याचा नवरा, ज्याने पोराला वाढवलं. मी तो शाळेचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहिला. आमच्या लोकांची मुलं तेव्हा वर्गाबाहेर, पायरीखाली बसत. त्या पायरीशी एक माणूस परमुलखातलं पोर घेऊन उभा आहे. मास्तर लांबूनच विचारतात, पोर कुणाचं? बाहेर बसणाऱ्या पोराची दुसऱ्यांदा कोण चौकशी करतो? आणि सावळाने तरी काय सांगावं? नदी, पटकी, मेलेला मेहुणा, हे सगळं त्या अंतरावरून ओरडून सांगायचं? त्याने म्हटलं असेल, माझंच. कागदाला जेवढं विचारलं जातं तेवढंच तो सांगतो. न विचारलेलं सांगायला माणसं लागतात. आणि माणसांतही जो तो आपल्या भुकेपुरतं लक्षात ठेवतो. नानांना शेव आठवली, कारण तेव्हा ते पोर होते. जिजींना मुराळी आठवला, कारण त्यांचा आला नव्हता.

मला एकदम हलकं वाटलं; इतकं, की पाठ भिंतीला टेकवावी लागली. किती दिवस मी खांदे आवळून बसत होते, ते खांदे सैल झाल्यावर कळलं. चिंता जाते तेव्हा आनंद लगेच येत नाही. आधी येते ती झोपेसारखी एक गुंगी, एक गोड थकवा. आणि त्या थकव्यात मला सावळाविषयी अपार माया वाटली. स्वतःचं नाव लावून त्याने माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं. पण तेच नाव लावलं नसतं, तर गेणू शाळेच्या पायरीपर्यंत तरी पोचला असता का?

नाना बोटांवर काहीतरी मोजत होते, नाती जुळवत होते. सावळाचे वंशज ते आत्याचे. गेणूचे ते मामाचे. त्यांचा चेहरा उजळत गेला. “म्हंजी ही मामाची पोर म्हना की,” ते शेवटी म्हणाले. “अन् मी बसलो उगाच सगळ्यांना घोर लावून.” जिजींनी त्यांना सुनावलं की भावजी, बायामान्सांना इचारलं असतं तर कवाच उलगडलं असतं. नाना कागदांच्या घड्या घालत म्हणाले, बायामान्सं आपनहून कधी गप बसतात हे मला कसं ठावं असनार. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग बोलण्याची गाडी भरधाव सुटली. चैत्र की वैशाख, कर्जतचं सभागृह की घरापुढचा मांडव, नगरहून माणसं किती, आता पप्पांना फोन कुणी करायचा. मी हुरडा खात होते. कोवळा, दुधाळ, किंचित धुरकट. माझ्या लग्नाची बोलणी माझ्या डोक्यावरून, पाखरांचा थवा जावा तशी, इकडून तिकडे चालली होती, आणि नेहमीप्रमाणे मी खाली बसून त्यांच्या सावल्या पाहत होते. मला कुणी काही विचारत नव्हतं. त्यात त्यांचा दोष नव्हता. मी विचारण्याजोगं तोंड कधी केलंच नव्हतं. सुमेध आता माझ्याकडे बघत होता, उघड, आणि त्याच्या नजरेत एक प्रश्न होता. तो त्याने इतके दिवस लिहिला नव्हता, मी इतके दिवस खोडला होता.

ते जिजींच्या लक्षात आलं. सूप बाजूला सारून त्या माझ्यापुढे बसल्या, राखेने काळवंडलेल्या हाताने त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, “आन तुजं काय गं? आल्यापास्नं तुजं कागदंच बोलत्यात.”

आत्या माझ्याऐवजी उत्तर द्यायला तोंड उघडत होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“आजी, हे कागद मी माझ्यासाठीच शोधले. मला सुमेधशीच लग्न करायचंय.”